कुंभारवाड्याचे अंगणही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धारावीच्या पुनर्विकासाच्या बातम्यांत चर्चा असते ती ३५० चौरस फुटांच्या घरांची. मी सायनला राहते आणि दर दिवाळीला पणत्या धारावीतल्या कुंभारवाड्यातूनच आणते. मला लिहायचे आहे ते तिथल्या अंगणाबद्दल.

सौराष्ट्रातून मुंबईत आलेली ही कुंभार मंडळी १९३०च्या दशकात धारावीत वसली. त्यांची घरे लांबट. पुढच्या दाराशी विक्री, मध्ये बिऱ्हाड आणि चाक, मागच्या दाराबाहेर अंगणात भट्टी. माती दारातच उतरते. ती वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवून पायांनी तुडवायची. चाकावर बहुतेक पुरुष बसतात. पण मडकी उन्हात मांडणे, फिरवणे, गेरू लावणे, पणत्या रंगवणे, भट्टीपर्यंत माल पोचवणे यात बायकांचा हात मोठा. चुलीवर डाळ शिजत असताना होणारे हे काम आहे. घर सातव्या मजल्यावर आणि कारखाना दुसरीकडे गेला, तर सगळ्यात आधी याच बायकांची कमाई जाईल.

भट्टीही एकट्याची नसते. शेजारची घरे मिळून ती वापरतात, पाळी ठरवतात. जळण म्हणून चिंध्या आणि कापसाचा टाकाऊ कचरा. धुराची तक्रार खरीच आहे, आणि तो धूर पहिल्यांदा त्याच घरांतल्या लेकरांच्या छातीत जातो. म्हणून त्याच आवारात गॅसची सामायिक भट्टी हवी, आणि तिचा खर्च कुंभारांच्या माथी मारू नये.

शिवाय साठवणीचे काय? उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडी. गिऱ्हाईक चार दिवसांत येऊन जाते, माल मात्र कितीतरी आधीपासून करावा लागतो. त्यात पावसाळ्यात काही लवकर सुकत नाही. आज तो माल माळ्यावर, जिन्याखाली, पलंगाखाली रचलेला असतो.

नकाशे पक्के होण्याआधी प्रत्येक भट्टीची नोंद व्हावी, ती कोणकोणती घरे मिळून वापरतात हेही त्यात लिहावे, आणि त्या घरांना तळमजल्यावर, एकाच अंगणाभोवती जागा द्यावी. आपल्या वार्ताहरांनी भट्टी लागते त्या दिवशी तिथे जाऊन यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सायन, मुंबई