मॅनेजर व्हायचे तर एमबीए हवेच का?

मा. संपादक,

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत चार-पाच वर्षे काढली की इंजिनियरला एक प्रश्न छळू लागतो: नोकरी सोडून एमबीए करावे, की आहे तिथेच राहून मॅनेजर व्हावे? घरच्यांचा कौल बहुधा पदवीला असतो. माझे मत वेगळे आहे. उत्पादन, देखभाल, गुणवत्ता किंवा प्रकल्प या खात्यांत वर चढायला पदव्युत्तर पदवी लागत नाही. पैशांचा हिशेब, माणसांचे नियोजन आणि मुद्देसूद लिहिणे, एवढे मात्र लागते. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत यातले काहीच धड शिकवत नाहीत. मग आपल्यात काहीतरी कमी आहे असे वाटते आणि माणूस प्रवेश परीक्षेचे क्लास शोधू लागतो.

कायदा काय मागतो ते आधी पाहू. 1948 च्या कारखाना कायद्याने कारखान्याच्या मॅनेजरचे नाव निरीक्षणालयाला कळवणे बंधनकारक केले, पण एमबीएची अट घातली नाही. खाणीचा मॅनेजर व्हायला खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. आपल्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या, त्यामुळे इथे फक्त उघड्या खाणींपुरते मर्यादित प्रमाणपत्रही चालते. ते नसेल तर नामांकित संस्थेची एमबीए असूनही खाण त्याच्या हाती देता येत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या खाणी लिलावानंतर पुन्हा सुरू होत आहेत, तेव्हा डिचोली-सांग्याच्या मुलांनी हा कागद आधी मिळवावा. वीज जास्त खाणाऱ्या उद्योगांत ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तीन पेपरांची परीक्षा असते आणि ती नोकरी सांभाळून देता येते. सरकारी बांधकाम खात्यात तर बढती भरती नियम आणि ज्येष्ठता पाहून मिळते. तिथे एमबीए भिंतीवर लावण्यापुरती.

आता पैशांचा हिशेब. बढती अडते ती बहुतेक इथे. समजा दाबाची हवा पुरवणाऱ्या 75 किलोवॉटच्या स्क्रू कॉम्प्रेसरला व्हीएफडी, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, बसवायचा प्रस्ताव आहे. बरेच इंजिनियर ‘वीज वाचेल’ एवढेच लिहून पाठवतात आणि फाइल परत येते. आठवडाभर वीज नोंदवणारा लॉगर लावून कॉम्प्रेसर किती वेळ अनलोड, म्हणजे हवा न देता नुसता फिरत, चालतो ते आधी मोजा. तो 40 टक्के वेळ अनलोड असेल आणि तेव्हा 25 किलोवॉट ओढत असेल, तर सरासरी 10 किलोवॉट वाया जातात. वर्षाचे 6,000 तास आणि युनिटला 6 रुपये धरले तर बचत 3 लाख 60 हजारांची. पॅनेल, केबल, बसवणी धरून खर्च साडेसात लाख असेल, तर पैसे 25 महिन्यांत सुटतात. पुढची पायरी फार थोडे जण चढतात: 15 टक्के दराने पाच वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत) काढले तर ते सुमारे 12 लाख 7 हजार येते, म्हणजे खर्च वजा जाता साडेचार लाखांवर शिल्लक. हा तक्ता अर्ध्या पानात मावतो. कॉम्प्रेसर सतत पूर्ण लोडवर चालत असेल तर मात्र ही बचत होतच नाही, आणि मोटरच्या नेमप्लेटवरून हिशेब मांडणारे नेमके इथेच फसतात. फायनान्सवाला पहिलाच प्रश्न विचारतो, “हवेच्या लाइनची गळती बंद केली का?” गळती काढल्यावर हवेची मागणी घटते आणि वरचे सगळे आकडे बदलतात. म्हणून मोजणी गळती काढल्यानंतरच करावी. बसवणीसाठी लाइन किती तास बंद राहील आणि तेवढे उत्पादन कधी भरून काढणार, हेही त्याच पानावर हवे.

माणसांच्या नियोजनाची खरी परीक्षा गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला होते. सुपरवायझर तोंडी सगळ्यांना ‘जा’ म्हणतो आणि आदल्या दिवशी कळते की पॅकिंग लाइन सेट करणारे दोघेही गावी गेले आहेत. मग उरलेल्यांना ओव्हरटाइम, तोही दुप्पट दराने, शिवाय माल उशिरा. हे टाळायचे तर सहा आठवडे आधी रजेचा तक्ता भिंतीवर लावावा. प्रत्येक मशीनसमोर ती चालवू शकणाऱ्यांची नावे लिहावीत. जिथे एकच नाव दिसते तिथे दुसरा माणूस तयार करायला तेवढा अवधी पुरतो. वार्षिक देखभाल त्याच आठवड्यात घ्यावी आणि तयार मालाचा साठा आधीच करून ठेवावा. पण बाहेरच्या कंत्राटदाराचे फिटरही त्या दिवसांत सुट्टीवर असतात, त्यांची तारीख लेखी पक्की करावी. सुटे भाग जागेवर आल्याशिवाय मशीन उघडू नये. हा तक्ता ज्याने दोनदा नीट पार पाडला, त्याला नियोजनाची पुस्तके नंतर वाचली तरी चालतील.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. ब्रेकडाऊनचा अहवाल एका पानाचा असावा: काय बंद पडले, किती मिनिटे, का, तात्पुरते काय केले, कायमचे काय करणार, कोण करणार आणि कधीपर्यंत. ‘ऑपरेटरची चूक’ हे कारण लिहिले की वाचणारा पुढे वाचत नाही. ती चूक मशीनने होऊ का दिली, हे त्याला हवे असते.

म्हणजे एमबीए निरुपयोगी आहे का? नाही. फायनान्स, मार्केटिंग किंवा सल्लागार कंपनीत जायचे असेल तर ती जवळजवळ अटळ आहे. मोठ्या कंपन्यांत जनरल मॅनेजरच्या पातळीवर अर्जांची पहिली चाळणी पदवीवर होते, मग तुमचे काम कितीही चोख असो. जाहिरातीत ‘अनिवार्य’ लिहिले आहे की ‘प्राधान्य’, तेवढे नीट पाहावे. एमटेकचा उपयोग संशोधन, डिझाइन आणि अध्यापनात. मॅनेजर होण्यासाठी एमटेक करणे हा लांबचा वळसा.

खर्चाचे गणित मात्र कठोरपणे मांडावे. महिना 45,000 मिळवणारा दोन वर्षे नोकरी सोडतो तेव्हा 10 लाख 80 हजार बुडतात. फी 15 लाख धरली तर एकूण खड्डा सुमारे 26 लाखांचा. ते 15 लाख 10 टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जावर घेतले तर हप्ता महिना 24,900 च्या आसपास येतो, शिकतानाचे व्याज वेगळे. पदवीनंतर पगार 75,000 झाला तरी वाढीव तीस हजारांतले पंचवीस बँकेतच जातात. नोकरी सांभाळून दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए करणाऱ्यांनी त्या सत्रासाठी विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. अशी मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. सहा महिन्यांचे ‘एक्झिक्युटिव्ह’ प्रमाणपत्र कितीही मोठ्या नावाचे असले तरी ती पदवी नव्हे.

आणखी एक गोष्ट गोव्यात कोणी उघड बोलत नाही. आपल्या वसाहतींतले बरेचसे कारखाने लहान आणि घरचे. सुपरवायझर, मॅनेजर आणि त्यावर मालक, संपली शिडी. तिथे पदवी आणली म्हणून नवी जागा तयार होत नाही. साखळीच्या किंवा ताळगावच्या व्यवस्थापन संस्थेतून शिकून बाहेर पडलेला मुलगा मग पुण्या-बंगळूरूची वाट धरतो. त्याला बाहेर जायचेच असेल तर उत्तम, पण गोव्यातच राहायचे ठरवून कर्ज काढणाऱ्याने आपल्या कारखान्यात वरच्या जागा किती आणि त्या कधी रिकाम्या होणार, हे आधी मोजावे.

उद्योजक संघटना आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला एक सूचना. नोकरी करणाऱ्या इंजिनियरांसाठी 40 तासांचा सायंवर्ग सुरू करावा: कॉस्टिंग आणि बजेट 14 तास, श्रमकायदे 10, खरेदी आणि कंत्राटे 8, अहवाल लेखन 8. शिकवायला कारखान्यातलेच अकाउंटंट आणि निवृत्त प्लांट हेड बोलवावेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन-दोन तास धरले तर दहा आठवडे होतात. चवथ आटोपल्यावर सुरुवात केली तर नाताळापूर्वी वर्ग पूर्ण होईल.

औद्योगिक अभियंता, फोंडा