ग्रीसमधल्या नाफ्प्लियो गावातल्या अनोळखी मंडळींचे आभार
क्रूझ नाफ्प्लियोला थांबली तेव्हा छोट्या बोटीतून आईला अलगद धक्क्यावर उतरवून घेणारा तो खलाशी, पालामिदी किल्ल्याच्या पायऱ्यांवर (९९९ म्हणतात, कोण मोजणार!) दम लागून बसलेल्या बाबांना स्वतःची पाण्याची बाटली देणाऱ्या आजीबाई, आणि १८३१ साली आधुनिक ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याचा गोळी घालून खून झाला त्या चर्चच्या दारापाशी गोळीची खूण आम्हाला काही केल्या दिसेना तर दुकान तसंच उघडं टाकून येऊन काचेमागचा तो भिंतीतला खड्डा बोटाने दाखवणारे काका, तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार हो! नावं माहीत नाहीत, चेहरे मात्र पक्के लक्षात आहेत. आणि हो, ज्यांचे आईबाबा सोबत असतील त्यांनी किल्ल्यावर सरळ टॅक्सीने जा, मागून चांगला रस्ता आहे.