काका, आरसा लावताना तुम्ही मला सीटवर बसवलंत, त्याबद्दल

काका, सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. तुमच्या तोंडावर आभार मानले असते तर "पुरे गो आता" म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतं. सुनेकडून वाचून घ्या आणि मध्येच उठून जाऊ नका.

ह्यांचं दुखणं निघाल्यापासून आमची पिकअप मीच चालवते. हंगामात आंब्याच्या पेट्या रचून वर ताडपत्री ओढली की केबिनमधल्या आरशाचा काही उपयोग राहत नाही, मागचं जे काय दिसायचं ते बाहेरच्या दोन आरशांतच. हौदा केबिनपेक्षा रुंद आणि मूळच्या आरशांची दांडी आखूड, म्हणजे अर्ध्या आरशात आपलीच ताडपत्री. कणकवलीजवळच्या नांदगावला मुंबई-गोवा हायवेला लागल्यापासून पनवेलपर्यंत डाव्या अंगाने कोण कधी घुसेल याचा नेम नाही. रात्रभर जीव मुठीत धरून मी वाशीला जात होते.

म्हणून गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानात गाडी दिली. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" पुढचं सगळं बोलणं माझ्यासोबत आलेल्या भाच्याशी, जो अजून कॉलेजात आहे आणि ज्याला गाडी चालवता येत नाही. गाडीच्या तोंडाला मोठा लोखंडी गार्ड लावून घ्या म्हणून मागे लागले. असले गार्ड बेकायदेशीर आहेत, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना 2017 सालीच कळवलं होतं. ते त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि आरसे लावताना दुकानातला उंचापुरा मुलगा सीटवर बसला, त्याच्या नजरेला बरे दिसले तसे आवळून टाकले. माझी उंची पाच फूट. मला त्या आरशांत मागचा रस्ता नाही, आभाळ दिसायचं. नट इतके आवळलेले की हाताने हलेनात. परत गेले तर म्हणाले, "सवय होईल वहिनी."

दाराच्या पट्ट्या आणि चाकावरचं काळं प्लास्टिक लावायला त्यांनी चांगल्या पत्र्याला भोकं पाडली, रंगाचा हातही न मारता साधे लोखंडी स्क्रू पिळले. आपल्याकडची हवा काय सोसणार तसलं काम! एका पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूखालून तांबडा ओघळ दाराच्या खालच्या कडेपर्यंत उतरला होता.

तेच काम मग तुम्ही हातात घेतलंत. गाडी आमच्याच खळ्यात उभी करून काय काय केलंत ते सगळं मी इथे मांडत बसत नाही. पण चिकटवलेली पट्टी पत्र्याला ओरखडा न काढता सोडवायला तुम्ही तंगूस मागितलंत, मासे गरवायच्या गळाची साधी नायलॉनची दोरी, आणि ते पट्टीमागे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखं ओढत गेलात, ते बघायला अख्खी वाडी जमली होती. गंज पार चकचकीत पत्र्यापर्यंत घासून, प्रायमर मारून तो वाळेपर्यंत तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. स्क्रू आणलेत ते बोटीच्या सामानाच्या दुकानातून, 316 नंबरच्या स्टीलचे. त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या वाऱ्याला टिकतं, बाजारातल्या 304 लाही बंदरावर डाग पडतात, हे तुम्ही भाच्याला नाही, मला समजावलंत. दांडी लांब, पण दुमडणारी हवी, नाहीतर पाणंदीतल्या पहिल्याच गडग्याला आरसा जाईल, हेही.

खरं लिहायचंय ते याच्या पुढचं. आरसे दांडीवर चढले, नट अजून सैल होते. भाचा सवयीने सीटवर चढायला गेला. तुम्ही त्याला हाताने थांबवलंत आणि मला म्हणालात, "तू बस गो बाय. गाडी तू चलवतलंस." मी बसले, साहजिकच ताठ, परीक्षेला बसल्यासारखी. तुम्ही खिडकीशी आलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "अशी नको. पनवेलाक पोचताना दमान कशी बसतंस, तशी बस."

काका, इतकी वर्षं मी ही गाडी चालवतेय. रात्रभर चालवून माझी पाठ कशी वाकते, मान कुठे कलते, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. घरात नाही, दुकानात तर नाहीच. मी खांदे सोडले, जरा खाली घसरले, तेव्हा कुठे तुम्ही आरशाला हात लावलात.

मग अंधार पडेपर्यंत तुम्ही हातात बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरत राहिलात. तो दुखरा गुडघा घेऊन. हौद्याच्या डाव्या कोपऱ्याशी वाकायचात, बाईकवाल्याच्या उंचीवर बॅटरी धरायचात आणि ओरडायचात, "दिसतंय काय मी?" मी नाही म्हटलं की पुन्हा येऊन आरसा केसभर फिरवायचात. मागच्या चाकापाशी तुम्ही पुन्हा पुन्हा गायब होत होतात, तिथे खालचा छोटा फुगीर आरसा लावलात. आणि बजावलंत की ह्यात माणूस आहे की नाही एवढंच बघायचं, किती लांब आहे ते ह्यात बघायचं नाही, फुगीर आरशात सगळं असतं त्याहून लांब दिसतं. मी "दिसलात!" म्हटल्यावर तुम्ही हसलात, आणि मगच नट आवळले.

मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणालात, एसटीत गाडी तीच, ड्रायव्हर रोज वेगळा. आरसा ड्रायव्हरचा असतो, गाडीचा नसतो. डेपोत तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून आपण गौरी-गणपतीत रात्री निर्धास्त झोपून गावी पोचतो, आणि सकाळी उतरताना त्यांची आठवणही काढत नाही. चांगुलपणा म्हणजे देणगी, सत्कार, फलक असं आपल्याला वाटत आलंय. ज्याला वापरायचंय त्याला आधी विचारणारा माणूस त्या फलकावर कधीच नसतो.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. सामानाच्या पावत्या आणि उरलेले सुटे पैसे मात्र डॅशबोर्डवर मोजून ठेवलेत.

परवा परशुराम घाट उतरताना समोरून ट्रक अंगावर आला. मी डावीकडे दाबणार, तोच खालच्या आरशात हेल्मेट दिसलं. मागे एक बाई, तिच्या मांडीवर मूल. मी ब्रेक मारून जागच्या जागी राहिले, ते पुढे निघून गेले. त्यांना काही कळलंही नाही. मी पुढे चहाच्या टपरीवर गाडी लावली आणि बराच वेळ हात थरथरत होते. तुम्हाला फोन करायचा होता, पण रात्रीचे दोन वाजले होते.

गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, असं सुनेकडून कळलं. कणकवलीला मी घेऊन जाईन. रिक्षा सांगू नका.

तुमची,
खालच्या वाडीतली बाय