कुठले कुलकर्णी?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही वाचनालयातून निवृत्त झालात. निरोपाच्या कार्यक्रमाला मी आले होते, पण बोलायला उभी राहिले असते तर रडू आवरलं नसतं, म्हणून मागच्या खुर्चीवरच बसून राहिले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तुमची शिस्त, तुमचा वक्तशीरपणा सगळ्यांनी सांगितला. तुम्ही जपलेल्या कुलकर्णी आडनावाच्या लेखकांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते मला सांगायचं आहे, आणि चारचौघांत सांगायचं आहे, म्हणून हे पत्र असं उघडं लिहिते आहे.

बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत मी पहिल्यांदा तुमच्या देवघेवीच्या टेबलापाशी आले. वर्गात सरांनी शेवटच्या तासाला "कुलकर्णींच्या कथा वाचा" असं काहीतरी म्हटलेलं मी मागच्या बाकावरून ऐकलं होतं. आडनावाच्या आधीचं काही ऐकू आलं नव्हतं. मी तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं, "कुलकर्णींचं पुस्तक पाहिजे." तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "कुठले कुलकर्णी?"

मला उत्तर देता येईना. माझ्या मागे रांग होती. आमच्या घरात माग चालायचे, पुस्तकाचं कपाट नव्हतं. वर्गणी भरायला वडिलांकडून पैसे घेऊन आले होते आणि आता पुस्तकाचं नावच सांगता येत नव्हतं. मी वळून जाणार, तेवढ्यात तुम्ही मला आत बोलावलंत. लाकडी कपाटातला 'क'चा एक खण ओढून बाहेर काढलात, माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "हे सगळे कुलकर्णी. एकमेकांचे कुणी लागत नाहीत. बस, वाच आणि मग सांग."

मी तासभर त्या खणातली तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, वाचत बसले. तुमच्या तिरक्या, टपोऱ्या अक्षरात आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. जी. ए., कृ. पां., वा. ल., द. भि., अ. रा., वि. म. पुढे उमा, दिलीप अशी पूर्ण नावंही होती. वि. म. तेवढे ओळखीचे निघाले. 'माझ्या मराठीची गोडी' ही कविता शाळेत पाठ केली होती, पण तिच्या खालचं कवीचं नाव कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाकीचे माझ्या लेखी त्या क्षणापर्यंत एकच माणूस होते.

सरांना जी. ए. म्हणायचं होतं, हे तुम्ही ओळखलंत. पण 'पिंगळावेळ'बरोबर तुम्ही 'बखर बिम्मची' माझ्या हातात ठेवलीत. एका कार्डावर एकच पुस्तक असा नियम होता. दुसरं तुम्ही स्वतःच्या नावावर काढून दिलंत. म्हणालात, "ही दोन्ही एकाच माणसाची आहेत. आधी एवढं समजून घे. बाकीच्या कुलकर्ण्यांकडे मग जाऊ."

बाई, त्या आठवड्यात मी 'पिंगळावेळ'मधल्या 'स्वामी' आणि 'ऑर्फियस' या कथा वाचल्या. रात्री झोप लागेना, म्हणून उठून बिम्म आणि बब्बी वाचले. अंधाऱ्या भुयारात नेणारा आणि छोट्या मुलाशेजारी बसून जग पाहणारा हात एकच, हे मला तेव्हा कुणी सांगून पटलं नसतं. दोन्ही पुस्तकं एकाच वेळी दिलीत, म्हणून पटलं. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी 1923 साली एकसंब्याला जन्मले, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सीमेला अगदी खेटून असलेल्या गावात, आणि धारवाडच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, हे तुम्हीच सांगितलंत. 'काजळमाया'ला मिळालेलं साहित्य अकादमीचं पारितोषिक त्यांनी प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठताच परत केलं, हेही. ती गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

मग दर शनिवारी एक कुलकर्णी. कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' संदर्भ विभागातला, घरी न्यायला बंदी. तुम्ही मला खिडकीजवळची जागा दिलीत. गोष्ट नसलेलं पुस्तक एखादी मुलगी तीन-तीन शनिवार वाचू शकते, हे माझं मलाच नवल वाटलं. घरात रोज बोलले जाणारे शब्द कुठून कुठून चालत आले आहेत, हे वाचताना आईशी बोलणंसुद्धा वेगळं वाटायला लागलं. वा. ल. कुलकर्णींची समीक्षा तेव्हा मला पेलली नाही, तुम्हीही आग्रह धरला नाहीत. मी ती दहा वर्षांनी वाचली. द. भिं.चं 'तिसऱ्यांदा रणांगण' मात्र तुम्ही मुद्दाम राखून ठेवलंत. आधी विश्राम बेडेकरांची मूळ कादंबरी 'रणांगण' वाचायला लावलीत आणि मगच तिच्यावरचं हे समीक्षेचं पुस्तक दिलंत. एका छोट्या कादंबरीकडे माणूस पुन्हा पुन्हा वळतो आणि दर वेळी तिच्यात नवं काही शोधतो, हे वाचन मला ठाऊक नव्हतं. कृ. पां. 1952 साली अमळनेरला, वा. ल. 1965 साली हैदराबादला आणि द. भि. 2010 साली पुण्याला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एक कोशकार, दोन समीक्षक. आणि दोघा समीक्षकांची वाटही एक नाही.

उमा कुलकर्णींचं मोल आपल्या सीमाभागाला जास्त कळायला हवं, असं मला फार वाटतं. आपल्या बाजारात अर्धं बोलणं कन्नडमध्ये चालतं. तरी भैरप्पांची महाभारतावरची कन्नड कादंबरी 'पर्व' माझ्यापर्यंत पोचली ती उमाताईंच्या मराठी अनुवादातून. विरुपाक्ष कुलकर्णींनी कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं, ही त्या घरातली पद्धत. विरुपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करणारे. म्हणजे एका घरात दोन कुलकर्णी, आणि दोघांची कामं एकमेकांच्या उलट दिशेची. हे तुमच्याकडून ऐकल्यावर मी 'पर्व'ची काही पानं आईला मोठ्यानं वाचून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. द्रौपदीच्या भागाशी तिनं मागावरचा हात थांबवला होता.

एवढे सगळे एकाच आडनावाचे कसे, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही तोंडी उत्तर दिलं नाहीत. अ. रा. कुलकर्णींचं 'शिवकालीन महाराष्ट्र' दिलंत. तिथं मला कळलं, की कुलकर्णी हे मुळात कामाचं नाव. गावचा पाटील कारभार बघणार, कुलकर्णी दप्तर सांभाळणार: जमिनीची नोंद, वसुलीचा हिशेब. परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील-कुलकर्णी. गाव तिथे कुलकर्णी, म्हणून एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्या शेकडो घरांना तेच आडनाव. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. पिढीजात लेखणी एका घराकडून काढून घेणं तेव्हा किती गरजेचं होतं, हेही तुम्ही मला समजावलंत. वतन गेलं, आडनाव उरलं. त्या आडनावाच्या माणसांनी पुढे जे लिहिलं, ते वतनाच्या बळावर लिहिलं नाही. ते प्रत्येकाचं आपापलं आहे.

तुमचं खरं ऋण मला फार उशिरा कळलं. चार वर्षांपूर्वी वाचनालयाची यादी संगणकावर घेतली गेली. ज्यांच्याकडे काम दिलं होतं, त्यांनी घाईत सगळी आद्याक्षरं गाळली. लेखक: कुलकर्णी. बस. मग पुस्तकं नावावरून विषयात ढकलली गेली. 'बखर बिम्मची' इतिहासात गेली, बखर आहे म्हणून. 'तिसऱ्यांदा रणांगण' युद्धकथांत. जी. एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे केलेले अनुवाद, त्यांतलं 'शिवार' शेतीच्या कपाटात आणि 'रान' पर्यावरणात, दिलीप कुलकर्णींच्या 'निसर्गायण'ला चिकटून. दापोली तालुक्यातल्या कुडावळ्यात गरजा कमी करून राहणारे, निसर्गावर कळकळीनं लिहिणारे दिलीप कुलकर्णी आणि धारवाडचे जी. ए. पडद्यावर एकच लेखक झाले होते. बिम्मचं वय असलेल्या मुलांना बिम्म सापडेनासा झाला. वर्षभर ते पुस्तक कुणीच नेलं नाही, हे तुम्ही मला नोंद काढून दाखवलंत.

तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते. तरी पावसाळाभर आपण दोघी रविवारी बंद वाचनालयात बसलो. 143 नोंदी. तुम्ही प्रत्येक पुस्तक कपाटातून काढायला लावलंत, मुखपृष्ठावरून नोंद घेऊ दिली नाहीत. आतलं शीर्षकपान उघडायचं, आद्याक्षरं मोठ्यानं वाचायची, मगच टंकायचं. मी एकदा कंटाळून म्हटलं, "बाई, वाचणाऱ्याला पुस्तकाचं नाव पुरतं की." तुम्ही म्हणालात, "त्या माणसानं आयुष्य घातलंय. आपल्याला दोन अक्षरं जड झाली?" त्यानंतर मी एकही टिंब गाळलं नाही.

मी आज शाळेत मराठी शिकवते. पुस्तकाचं नाव सांगताना लेखकाचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिते, मागच्या बाकावरून दिसेल एवढं मोठं. हे तुमच्यामुळे. घरात पहिलं कपाट आलं, तेही तुमच्यामुळे. आई शेवटच्या आजारपणात 'पर्व' पुन्हा वाच म्हणाली होती, ते कुणामुळे, हे तर सांगायलाच नको. या सगळ्याबद्दल, बाई, मी तुमची मनापासून आभारी आहे.

एक काम राहिलं आहे. जुनी तालिकापत्रं रद्दीत जाणार होती. समितीची रीतसर परवानगी घेऊन मी कुलकर्ण्यांचा तो खण घरी आणला आहे. सगळी पत्रं जुळवून पाहिली. 'कुलकर्णी, व. दि.' असं एक पत्र आहे, त्याच्यावर पाणी सांडून पुस्तकाचं नाव पुसलं गेलंय. दाखल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतात, 47. ते कोणतं पुस्तक होतं, तुम्हाला आठवतंय का? येत्या रविवारी पत्र घेऊन घरी येते.

तुमची,
खिडकीजवळ बसणारी