काका, तुमचा हात थरथरत नव्हता

म्हापशाच्या काकांना साष्टांग नमस्कार.

माझा बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू झाला, त्या शनिवारी रात्री आभार मानायला फोन केला, तर तुम्ही "बरं बरं, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" एवढं विचारून ठेवूनच दिलात. दुसऱ्यांदा केला तेव्हा काकींनी उचलला आणि तुम्ही बाजारात गेल्याचं सांगितलं. मागे तुमचा खोकला मला स्पष्ट ऐकू येत होता! म्हणून आता हे चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही, तेवढी तुमची अट पाळते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. मी गोव्यात डिचोलीला असते, लग्नामुंजींचे आणि जत्रांचे व्हिडिओ एडिट करून देते. माझा कॉम्प्युटर २०१९ साली मीच सुटे भाग आणून जोडलेला, बी४५० हे मुख्य बोर्ड आणि रायझन ५ २६०० हा प्रोसेसर. हल्ली सगळं शूटिंग फोर-केमध्ये येतं, त्यापुढे तो धापा टाकायला लागला. मग पैसे साठवून नवा प्रोसेसर, रायझन ५ ५६००, घेतला. विकणारा म्हणाला, "सॉकेट तोच आहे मॅडम, जुना काढा, नवा बसवा." सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच, तोच, हे खरंच होतं. पण हा प्रोसेसर बाजारात आला २०२२ साली. माझ्या बोर्डातलं बायॉस, म्हणजे सुरू होताना सगळे भाग ओळखणारं सॉफ्टवेअर, त्याच्या तीन वर्षं आधीचं, त्याला हा पाहुणा ओळखू येणार कसा? आधी बायॉस अपडेट करा, एवढं एक वाक्य त्या माणसाने खर्च केलं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

पंखे फिरत होते, स्क्रीन काळी, आणि बोर्डाच्या कडेला 'सीपीयू'चा, म्हणजे प्रोसेसरचा, बारीक लाल दिवा. घाबरून मी जुना प्रोसेसर परत बसवला. तर तोही चालेना. मे महिन्यातली चार लग्नं आणि एक मुंज माझ्याकडे अडकलेली, आणि एका नवरीची आई रोज सकाळी देवपूजा आटोपली की मला फोन करायची.

पहिल्या दुकानाने कॉम्प्युटर पाच दिवस ठेवून घेतला. "बोर्ड गेलं. पॉवर सप्लायचाही भरवसा नाही. सगळंच नवं घ्या." तपासणीचे पैसे वेगळे. घरी आणून पाहते तर कॅबिनेटच्या पत्र्याच्या सांध्यावर मी नेताना एक टिकली चिकटवली होती, ती जशीच्या तशी. पत्रा उघडलाच नव्हता. पाच दिवस बाहेरूनच नाडी बघितली असणार.

दुसऱ्या दुकानात माझ्याबरोबर भाऊ होता. "हे जोडलं कोणी?" मी म्हटलं, मी. त्यानंतर तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही, जे काय सांगायचं ते भावाला. माझा भाऊ गुणी आहे, पण त्याला घरातला फ्यूज कुठे आहे तेही माहीत नाही. तो बिचारा मान डोलवत होता आणि मी माझ्याच कॉम्प्युटरशेजारी छत्री धरून उभी.

तिसऱ्या शुक्रवारी बाजाराला म्हापशाला आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून बोर्डावरचा तो नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, घ्यायला काउंटरवर थांबले. तुम्ही शेजारी सोल्डरची तार घेत होता. दुकानदाराला मी रडगाणं सांगत होते ते तुम्ही ऐकलंत आणि सावकाश विचारलंत, "बाय, जुना प्रोसेसर काढताना कूलरला चिकटून वर आला काय?"

काका, ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. घरीसुद्धा नाही. कूलर ओढला आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर आला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. परत बसवताना जरासा दाबावाही लागला होता. त्या दोन दुकानांत हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी लाजेने बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट थंड मशीनवर गोंदासारखी धरते. पुष्कळांचं होतं असं."

दुसऱ्या दिवशी अस्नोड्यावरून कदंबाच्या बसने तुम्ही आलात. प्लास्टिकच्या पिशवीत एक भिंग आणि एक टॉर्च, बस्स. प्रोसेसर उलटा करून पाहिलात. त्या चौकोनात १३३१ पिना, त्यांतल्या कोपऱ्यातल्या दोन वाकलेल्या. (नव्या एएम५ प्रकारच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डाकडे गेल्या आहेत, तो भोग आता वेगळ्या ठिकाणी.) पोकळ टोकात पिन धरून सरळ करायला भाच्याच्या कंपासमधली शिसं काढलेली खटक्याची पेन्सिल तुम्ही मागितलीत. मी आपली बाजूला सरकून तुम्हाला खुर्ची दिली.

आणि तुम्ही बसला नाहीत. "माझा हात थरथरतो गो आता. तू कर, मी उजेड धरतो."

चाळीस मिनिटं लागली. माझ्या लहानपणी बाबा काहीही दुरुस्त करायला बसले की टॉर्च धरायचं काम माझं, आणि "अगं, इथे धर, कुठे बघतेस?" ही बोलणी ठरलेली. इथे सत्तरीचा माणूस उभ्याने माझ्यासाठी टॉर्च धरून होता. उजेड अगदी आडवा, त्यामुळे पिनांच्या सावल्यांच्या रांगा शेतातल्या तरव्यासारख्या दिसत होत्या आणि वाकडी सावली लगेच कळायची. तुम्ही फक्त "मातशें राव" (जरा थांब) आणि "हां" एवढंच म्हणत होता. दुसरी पिन सरळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढ्या वेळात त्या सावल्या एकदाही हलल्या नव्हत्या.

थरथरणाऱ्या हातातला उजेड असा राहत नाही, काका. खोटं बोललात तुम्ही.

पुढचं मला फारसं सांगायचं नाही. जुना प्रोसेसर बसवला, कॉम्प्युटर सुरू झाला, मी ओरडले, आई स्वयंपाकघरातून धावत आली. बायॉस अपडेट करायला तुम्ही मला बसू दिलं नाहीत, आधी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर ओढून आणवलात. "मध्येच वीज गेली तर बोर्ड खरंच जाईल, मग त्या दुकानदाराचं खरं होईल." श्रावणात डिचोलीची वीज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, ती गेलीही, पण पेन ड्राइव्हवरून बायॉस अपडेट झाल्यावर. नवा प्रोसेसर बसला तोवर हळदीच्या पानातल्या पातोळ्या निवल्या होत्या. तुम्ही तीन खाल्ल्यात आणि पैशांचं नाव काढताच छत्री शोधायला लागलात.

मी गेल्या काही वर्षांत कितीतरी पालख्यांचे व्हिडिओ केले. पालखीपुढे दिवटी धरणारा फ्रेममध्ये मध्येच आला की मी तो तुकडा कापून टाकायचे. उजेड डोळ्यांवर येतो, देव झाकला जातो, पाहणारे तक्रार करतात. परवा त्या नव्या प्रोसेसरवर एक जुनी जत्रा पुन्हा उघडली. दिवटीवाल्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. तेल मनगटावर ओघळलंय, आणि तो देवाकडे नाही, भोयांच्या पायांखालच्या दगडाकडे बघतोय. तो तुकडा मी परत जोडला. गिऱ्हाइकाला अजून सांगितलेलं नाही.

चारही लग्नं देऊन झाली, मुंजही. नवरीच्या आईचा फोन अजून येतो, पण आता बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी.

आमच्याकडे चवथीला दीड दिवसाचा गणपती असतो. काकींना घेऊन या. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, भाऊ बांधतो, तेवढं मात्र त्याला येतं. नेवऱ्या आई आजपासूनच मोजायला लागली आहे. आणि त्या दिवशी त्या सेलचे पैसे दुकानदाराला तुम्ही परस्पर दिलेत, ते मला नंतर कळलं. ते मी देवापुढच्या पाटावर ठेवणार आहे, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

तुमचा टॉर्च इथेच राहिलाय. तो मात्र मी परत देणार नाही.

तुमची,
डिचोलीची बाय