व्हॅनच्या तळातलं भोक

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत कॅम्परव्हॅनच्या प्रवासावर अधूनमधून लेख येतात. फोटो ठरलेला: मागचं दार सताड उघडं, आत रजई, समोर तळं. असा फोटो आम्हीही काढलाय, खोटा काही नाही तो. पण ७३ दिवस व्हॅनमध्ये काढून आम्ही दोघं गेल्या आठवड्यात घरी परतलो, आणि जे सारखं आठवतंय ते त्या फोटोत कुठेच नाही.

घरी पहिल्या सकाळी नळ उघडला आणि दचकून बंद केला. आवाजच आला नाही! व्हॅनमध्ये नळ सोडला की १२ व्होल्टचा छोटा पंप घुरघुरायला लागतो. टाकी संपत आली की त्याचा सूर बदलतो, दम लागल्यासारखा. आमची टाकी ७० लिटरची. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे वहीत हिशेब पहिल्या दिवसापासून. दोघांना ती तीन दिवस पुरायची, म्हणजे माणशी रोज १२ लिटरही नाहीत. त्यात भांडी आली, अंघोळही आली (अंघोळ म्हणजे काय, ते विचारू नका). घरात जुन्या फ्लशचं बटण एकदा दाबलं की नऊ-दहा लिटर गेले. यजमान म्हणतात, "वही मिट आता." जमत नाही.

शिवाय वापरलेलं पाणी तिथे नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या टाकीत साठतं आणि योग्य जागी नेऊन सोडावं लागतं. संडासाच्या डब्याबद्दल तर लेखांत अवाक्षर नसतं. तो रिकामा करायच्या पाळ्या आम्ही लावून घेतल्या होत्या. लग्नाच्या ३८ वर्षांत इतकी काटेकोर वाटणी दुसऱ्या कशाचीच झालेली नाही.

विजेचंही तसंच. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पण शिशाची, त्यामुळे निम्म्याखाली उतरू द्यायची नाही. दोन दिवस सलग ढगाळ गेले की छतावरचं सौर पॅनेल नुसतं शोभेला. मग अंधार पडला की झोपायचं.

हे पत्र लिहायला बसले ते मात्र एका भोकामुळे. गॅसच्या कपाटाच्या तळाशी, जाळी लावलेलं, मुठीएवढं. रात्री तिथून गार वारा यायचा. अकराव्या रात्री यजमानांनी त्यात जुना मोजा कोंबला. मोजा मीच काढून दिला होता. आठवडाभर खुशाल झोपलो. मग शेजारी व्हॅन लावलेल्या एक बाई सिलिंडर बदलायला मदतीला आल्या. त्यांनी मोजा पाहिला आणि काही न बोलता उपसून माझ्या हातात ठेवला. नंतर सांगितलं, सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून ते भोक. पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. घनतेची उदाहरणं मी मुलांकडून शेकड्यांनी सोडवून घेतली आहेत.

बाईंचा दुसरा प्रश्न: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे? नव्हताच. आणि आम्ही तर झोपण्यापूर्वी खिडक्या लावून, ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून बसायचो. बंद जागेत शेगडी जळत राहिली की हा विषारी वायू तयार होऊन साचू शकतो. सिलिंडरच्या गॅसला निदान मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तेव्हा रात्री डोकं जड व्हायचं, ते आम्ही वयावर ढकललं होतं. दुसऱ्याच दिवशी अलार्म घेतला. त्यानंतर शेगडी फक्त स्वयंपाकाला, तीही छताची खिडकी उघडून. डोकं जड व्हायचं थांबलं. वय तेच होतं.

तळ्याचे फोटो जरूर छापा. पण पुढच्या लेखासोबत एक चौकट द्या: गॅसच्या कपाटातलं भोक कशासाठी असतं आणि अलार्म नसेल तर व्हॅनमध्ये का झोपू नये. मोज्याचा फोटो हवा असेल तर पाठवते. मी तो अजून टाकलेला नाही.

– एक निवृत्त गणित शिक्षिका