ताम्हिणीतून आपण का परतलो

कोथरूड, पुणे
२ ऑगस्ट

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी सांगितले की त्यांच्या सकाळच्या फिरण्यातील एक स्नेही निवृत्तीच्या पैशांतून आपल्यासारखीच कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेणार आहेत, त्यांना आपली गाडी ज्याने आतून बांधून दिली त्या कारखान्याचे नाव बाबांनीच सुचवले आहे आणि येत्या शनिवारी ते आगाऊ रक्कम देण्यासाठी पुण्यास येत आहेत. ते ऐकून मी ‘वा, छान’ म्हणालो आणि विषय बदलला. तसे म्हणायला नको होते, म्हणून हे लिहीत आहे. फोनवर सांगू लागलो असतो तर बाबांचा संताप झाला असता आणि निम्मे सांगायचे राहून गेले असते. शिवाय आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेल्या माणसाला हे सारे कागदावरच पटेल.

जुलैमध्ये आपण दिवेआगरला निघालो आणि ताम्हिणी घाटातूनच परत फिरलो, तेव्हा पुढे दरड कोसळल्याचे मी तुम्हाला सांगितले होते. दरड कोसळली नव्हती. छतावर एसी बसवण्यासाठी जे भोक पाडले आहे, त्याच्या कडेने पाणी आत झिरपत होते, मागच्या पलंगाची फळी फुगू लागली होती आणि हे मला मुळशी ओलांडल्यापासून दिसत होते. आई, तू पौडच्या पुढे ‘पलंगाखालून कुजक्या अंड्यासारखा वास येतोय’ असे दोनदा म्हणालीस आणि मी तो नव्या गादीचा वास असल्याचे सांगून तुला गप्प केले, याची मला आजही लाज वाटते. तुझे नाक बरोबर होते.

परत आल्यावर मी पलंगाखालची पेटी उघडून घेतली. कोटेशनमध्ये ४०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी लिहिली होती आणि पेटीवर तसा स्टिकरही होता. आत घरगुती इन्व्हर्टरला लावतात तसल्या, प्रत्येकी १५० अँपिअर-तासांच्या, आम्ल भरलेल्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या निघाल्या. चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून त्या खेळत्या हवेत ठेवायच्या असतात. आपल्या गाडीत त्या बंद पेटीत होत्या, चार्जिंग प्रमाणाबाहेर होत होते (तो कुजका वास त्याचाच) आणि त्यावर आई झोपली होती.

बाबा, आता हिशेब तुम्हीच करून पाहा. १२ व्होल्टच्या या दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट वीज मावते आणि अशा बॅटरीचे आयुष्य टिकवायचे असेल तर तिच्यातील निम्मीच वापरावी लागते, म्हणजे १.८ युनिट. एक टनाचा एसी सतत चालला तर तासाला साधारण एक युनिट खातो, त्यात इन्व्हर्टरची घट धरली की दीड तासात सारे संपते. पण यातील खरी गोम पुढेच आहे. कबूल केलेली लिथियम बॅटरी कारखान्याने इमानाने दिली असती, तरी तिच्यात सुमारे ५ युनिटच मावली असती. प्रदर्शनात त्यांनी आपल्याला ‘रात्रभर एसी, कुठेही, जंगलातसुद्धा’ असे ठणकावून सांगितले होते. हे वाक्य बोलणाऱ्याला ते खोटे असल्याचे बोलतानाच ठाऊक असणार, कारण हा गुणाकार चौथीतल्या मुलालाही येतो. मला तो तिथे उभा असताना सुचला नाही, हा माझा दोष. ‘ही किंमत आजच्या दिवसापुरती आहे’ हे ऐकल्यावर माझे डोके चालेनासे झाले होते. हिवाळ्यात आम्ही दोन वेळा एकेका रात्रीसाठी गेलो तेव्हा थंडीत एसी लावण्याची वेळच आली नाही, म्हणून हे उघडकीस यायला पावसाळा लागला.

लाकडाचे तर विचारूच नका. ‘साहेब, आमच्याकडे मरीन प्लायशिवाय काम होत नाही’ असे सांगितले गेले होते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये ज्यांच्याकडून आपण स्वयंपाकघराचे काम करून घेतले होते, त्या मिस्त्रींना मी गाडी दाखवली. त्यांनी न्हाणीच्या दाराखालचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि घरी जाऊन उकळायला सांगितले. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० या मानकाचा प्लाय, आणि तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा अशी अपेक्षा असते. आपल्या तुकड्याचे थर चार तासांत पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. तो साधा कमर्शियल प्लाय होता, वर देखणे सनमायका लावून आणि कडा उघड्या ठेवून बसवलेला, त्यामुळे पाणी थेट गाभ्यात शिरत होते. गॅसचे त्याहून भयंकर आहे: कपाटात १४.२ किलोचा घरगुती लाल सिलिंडर ठेवला होता आणि तळाशी हवा बाहेर जायला एकही जाळी नव्हती. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, हे त्यांना ठाऊक नसेल असे मी मानत नाही. तो सिलिंडर मी त्याच दिवशी काढून टाकला.

मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा कारखान्याचे म्हणणे असे पडले की पाणी छतातून आले, छत गाडीच्या कंपनीचे, म्हणून कंपनीकडे जावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सांगितले की तुम्ही छताला भोक पाडले त्या दिवशीच छतावरची आमची वॉरंटी संपली. या धंद्याचे मर्म मला तिथे कळले. चाके आणि इंजिन एकाचे, घर दुसऱ्याचे, आणि दोघांच्या मध्ये ग्राहक. तरीही मला कंपनीचा राग येत नाही, कारण गाडी म्हणून गाडी उत्तम आहे. नीट काम करणारे कारागीरही या व्यवसायात आहेत. त्यांचे दर पाहून आपणच मागे फिरलो होतो, हेही मला विसरता येत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. ‘आरटीओचं आम्ही बघून घेतो’ असे आश्वासन मिळाले होते, परंतु आरसी बुकात आपली गाडी अजूनही आसनांची प्रवासी गाडीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणावर बोट ठेवील. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र सुरक्षा मानक आहे. गाड्यांची अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या घरामागच्या टेकडीवर आहे. त्या टेकडीला लोक तिच्याच नावाने ओळखतात, मी रोज सकाळी तिथे चालायला जातो, आणि तरीही गाडी घेताना ‘मान्यतेचा कागद दाखवा’ असे एकदाही विचारले नाही.

गाडी ताब्यात मिळून अकरा महिने झाले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. आतील कामाचे आपण ९ लाख ६० हजार रुपये दिले, त्यामुळे हे प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाच्या कक्षेत बसते आणि शुल्कही अवघे २०० रुपये आहे. उकळलेला तुकडा, पेटीचे फोटो आणि मिस्त्रींचे लेखी मत मी ठेवले आहे. उणीव एका गोष्टीची आहे. पहिला चार लाखांचा धनादेश बाबांच्या खात्यातून गेला होता. त्या महिन्याचे बँकेचे विवरण आणि कारखान्याने दिलेली मूळ पावती तुमच्या लोखंडी कपाटातील निळ्या फाइलमध्ये असेल. ती पावती टपालाने पाठवू नका. मी रविवारी सांगलीस येतो आणि स्वतः घेऊन जातो.

त्या काकांना मात्र शनिवारच्या आत सांगा. माझे नाव घ्या, हे पत्र वाचायला दिले तरी चालेल. मी फसलो हे त्यांना कळण्याचा संकोच मला आता उरलेला नाही. आई, तुझी दोहड गाडीत भिजली होती, ती धुऊन वाळवली आहे. तीही घेऊन येतो.

आपला,
चिरंजीव